उत्क्रांतीच्या नावावर बिल फाडू नका

गेल्या पावसाळ्यात काकांनी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. लातूरकडचं आमचं रान, सोयाबीन नुकतंच उगवलेलं, आणि एका कोपऱ्यातले सगळे कोंब रात्रीत कातरून गेलेले. मधोमध मुठीएवढ्या शंखी गोगलगायी. २०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबादच्या कित्येक शेतकऱ्यांनी हे बघितलंय, दुबार पेरणीही केलीय. त्यामुळे फोटोखाली कुणी फारसं काही लिहिलं नाही.

मग आत्तेभावाने एक रील टाकली. तोही माझ्यासारखा हिंजवडीत कोड लिहिणारा. रीलमध्ये लांबट, गुलाबीसर शंखाची एक गोगलगाय दुसरीला गिळत होती. खाली त्याने लिहिलं, "ही आणायची. केमिकल नको, काही नको. नॅचरल सोल्यूशन." मी म्हटलं, अरे, हे एकदा करून झालंय, त्यात एका बेटावरच्या सातच्या सात जाती संपल्या. त्यावर त्याचं उत्तर आलं, "कमजोर होत्या, गेल्या. उत्क्रांती आहे, चालायचंच."

हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. भावावर राग नाही. हे वाक्य मी ऑफिसात लेऑफच्या दिवशीही ऐकलंय. पण ज्या गोगलगायींवर ते फेकलं गेलं, त्यांच्यापुरतं ते पुराव्यानिशी खोटं आहे.

बेटाचं नाव मोरेआ. पॅसिफिक महासागरात, ताहितीच्या शेजारी, सुमारे १३४ चौरस किलोमीटर. तिथल्या झाडांवर पार्टुला नावाच्या गोगलगायी राहायच्या, बोटाच्या पेराएवढ्या, कुणी पिवळसर, कुणी तपकिरी, कुणी पट्ट्यापट्ट्यांच्या. त्या पिकं खात नसत, कुजकी पानं आणि झाडावरची बुरशी-शेवाळ खात. अंडी घालत नसत, एका वेळी एकच जिवंत पिल्लू देत. आपण "गोगलगाय आणि पोटात पाय" म्हणून ज्या प्राण्याला कपटी ठरवून ठेवलंय, त्याच्या कुळातली ही इतकी निरुपद्रवी शाखा.

न्यूयॉर्कच्या हेन्री क्रॅम्प्टनने १९०६ पासून या बेटांच्या फेऱ्या केल्या. एकेका दरीत उतरायचं, गोगलगायी गोळा करायच्या, शंख हाताने मोजायचे. त्याचा ताहितीवरचा ग्रंथ १९१६ साली आला, मोरेआवरचा १९३२ साली. त्याला दिसलं असं, की शेजारच्या दोन दऱ्यांत झाडं तीच, पाऊस तोच, पण गोगलगायींचे रंग आणि आकार वेगळे. त्याआधी हवाईत वाढलेल्या जॉन गुलिकने ओआहू बेटावरच्या झाडगोगलगायींबद्दल हेच म्हटलं होतं. त्याचं म्हणणं असं, की परिस्थिती सारखी असूनही जाती वेगळ्या होतात, कारण त्या एकमेकांपासून तुटल्या आहेत. एखादी गोगलगाय कडा ओलांडून पलीकडे पोचते, तिच्याबरोबर तिच्यापुरतीच जनुकं जातात, आणि तिथली वस्ती त्या तुटपुंज्या भांडवलावर उभी राहते. यात बलवान कोण हा प्रश्नच येत नाही. लोकांनी गुलिकला विरोध केला, निसर्गनिवडीशिवाय काही घडतच नाही असं म्हटलं. पण उत्क्रांतीत योगायोगालाही जागा आहे, हे विज्ञानाच्या गळी उतरवण्यात या बेटांवरच्या गोगलगायींचा मोठा हात आहे. आणि आज आपण त्यांनाच "कमजोर होत्या" म्हणून उत्क्रांती शिकवतोय!

पुढे १९६० च्या दशकात ब्रायन क्लार्क आणि जेम्स मरे मोरेआला पोचले, नंतर मायकेल जॉन्सनही. त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पिळाची. पार्टुला सुतुरालिस या जातीत काही वस्त्यांचा शंख उजव्या पिळाचा, काहींचा डाव्या. पीळ ठरतो आईच्या जनुकांवरून, पिल्लाच्या स्वतःच्या नाही. म्हणजे जनुक आत्ता बदललं तरी परिणाम दिसतो पुढच्या पिढीत. उलट्या पिळाच्या दोन गोगलगायींना एकमेकींशी जुळवून घेणं अवघड जातं. (नर-मादी असा भेद नाही, प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते.) आता गंमत बघा. बेटाच्या ज्या भागात सुतुरालिसच्या शेजाराला उजव्या पिळाचे नातेवाईक, तिथे ती डावी. जिथे शेजारी डावे, तिथे ती उजवी. एका जनुकाच्या जोरावर तिने शेजाऱ्यांशी सोयरीक टाळली होती. नवी जात जन्माला येताना मधल्या पायरीवर कशी दिसते, हे तिथे चालत जाऊन बघता यायचं. क्लार्क मंडळींना असंही आढळलं, की एका ठिकाणी राहणाऱ्या दोन वेगळ्या जातींचे रेणू एकमेकांशी जास्त जुळतात, कारण क्वचित होणाऱ्या संकरातून जनुकं इकडून तिकडे झिरपत राहतात. वंशवृक्षाची पुस्तकातली स्वच्छ आकृती तिथे गळत होती.

हे सगळं वर्तमानकाळात लिहायला मला आवडलं असतं.

१९६७ मध्ये ताहितीत आफ्रिकन गोगलगाय आली. काकांच्या रानात आहे तीच. आपल्याकडे ती १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणून कलकत्त्यातल्या एका बागेत सोडली होती. ताहितीत बागा, भाजीपाला फस्त व्हायला लागला. तिथल्या शेतकऱ्याचा त्रास खोटा नव्हता, माझ्या काकांचाही नाही. सरकारी शेतीखात्याने उपाय काढला तो रीलमधला. फ्लोरिडाकडची शिकारी गोगलगाय, युग्लँडिना. ताहितीत १९७४ ला, मोरेआवर १९७७ ला सोडली. हवाईत हा प्रयोग १९५५ मध्येच झाला होता, आणि तिथल्या देशी गोगलगायींचं काय होतंय याबद्दल अभ्यासकांची ओरड ताहितीच्या निर्णयाआधीच सुरू झाली होती. दुसऱ्याच्या प्रॉडक्शनवर फुटलेला पॅच उचलून आपण आपल्या प्रॉडक्शनवर टाकावा, तसं झालं.

युग्लँडिना सावजाच्या चिकट मागावरून चालत जाते आणि छोटी गोगलगाय अख्खी गिळते. मोठी आफ्रिकन तिला जड जाते. मग ती झाडावर चढली. मोरेआवर ती वर्षाला सव्वाएक किलोमीटरच्या वेगाने पुढे सरकत गेली. १९८४ साली क्लार्क, मरे आणि जॉन्सन यांनी निबंध लिहून सांगितलं, की या कार्यक्रमामुळे स्थानिक जाती नामशेष होताहेत. १९८७ पर्यंत मोरेआच्या रानात एकही पार्टुला सापडत नव्हती. लाखो वर्षांत जे साचलं ते दहा वर्षांत साफ झालं, आणि तेही तारीख ठरवून, बोटीने माल आणून, खात्याच्या हुकमाने. यावर सही आहे. सही असलेल्या गोष्टीचं बिल उत्क्रांतीच्या नावावर का फाडायचं?

"कमजोर" या शब्दाचा हिशेबही करू. एका वेळी एकच पिल्लू देणं हे मोरेआवर शहाणपणाचं होतं, कारण प्रौढ गोगलगायीला मारणारं फारसं कुणी नव्हतंच. आणि सोसायटी बेटांवरच्या काही पार्टुला वाचल्याही. त्यातली ताहितीची पार्टुला हायलिना पांढऱ्या शंखाची. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ती का वाचली ते शोधलं. त्यांनी २ × ५ × २ मिलिमीटरचे संगणक वापरले. (एवढ्याशा तुकड्यात प्रोसेसर, बॅटरी, प्रकाश मोजणारा सेन्सर! मी तो निबंध आधी यासाठीच उघडला, कबूल करतो.) युग्लँडिनाच्या शंखावर सेन्सर थेट चिकटवले, हायलिना संरक्षित म्हणून तिच्या पानांवर लावले. २०२१ साली निष्कर्ष छापून आला. हायलिना रानाच्या कडेला, युग्लँडिनाला झेपणार नाही इतक्या उन्हात राहते. पांढरा शंख ऊन परतवतो. हा रंग काही शिकाऱ्यासाठी घडला नव्हता, शिकारी तर काल आला. म्हणजे हायलिना "बलवान" नव्हती, तिच्या अंगावर योगायोगाने योग्य रंग होता. आणि उन्हात पोळणारी युग्लँडिना? ती मग बलवान की कमजोर?

एक शेवटचा युक्तिवाद मी स्वतःच करायचो, बॅकअपचा. क्लार्क वगैरेंनी काही गोगलगायी वेळेवर उचलून आणल्या, प्राणिसंग्रहालयांत त्यांच्या पिढ्या वाढल्या. मग झालं की! झालं नाही. राइआतेआ बेटाची पार्टुला टर्गिडा, तिची शेवटची गोगलगाय १ जानेवारी १९९६ ला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात परजीवीच्या संसर्गाने मेली. हवाईच्या अकातिनेला अपेक्सफुल्वा जातीचा शेवटचा जॉर्ज १ जानेवारी २०१९ ला गेला, वय १४. तारीख तीच, निव्वळ योगायोग. जॉर्जच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा सॅन डिएगोत गोठवून ठेवलाय. त्या तुकड्यात जॉर्जची जनुकं असतील. उजव्या शेजाऱ्यांमुळे डावी झालेली वस्ती, दोन दऱ्यांमधला फरक, हे कुठल्याही फ्रीजरमध्ये मावत नाही. ते बेटावर, एकमेकांच्या शेजारात होतं.

हे मी ग्रुपवर इतकं सविस्तर लिहिलं नव्हतं. तिथे फक्त मोरेआची बातमी टाकली. काही वर्षांपासून प्राणिसंग्रहालयांतल्या पार्टुला पुन्हा बेटांवर सोडताहेत, ओळखू याव्यात म्हणून शंखावर रंगाचा ठिपका देऊन. शिकारी अजून तिथे आहेच. २०२४ मध्ये मोरेआवर पार्टुला तोहिवेआनाच्या काही प्रौढ गोगलगायी सापडल्या, त्यांच्या शंखांवर ठिपका नव्हता. म्हणजे त्या रानातच जन्मल्या होत्या.

भावाने अंगठा टाकला. काका बांधाला गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं टाकून, पहाटे बॅटरी घेऊन गोगलगायी वेचत होते. त्यांचा मेसेज दुपारी आला, "मीठ संपलं. येताना दोन पोती आण."