विसावा कुणाचा, कुणाच्या जिवावर?

पुण्याला समुद्र नाही. पण समुद्रावरचा विसावा मात्र पुण्यात रोज विकला जातो. रविवारच्या वृत्तपत्रातून घरंगळणारी रंगीत पत्रके पाहावीत. मुंबईहून निघून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाऊन परतणाऱ्या जहाजावर दोन-तीन रात्री काढण्याचे आमंत्रण त्यांत असते. आश्वासन एकच: तुम्ही काहीही करायचे नाही. डेकवर आरामखुर्चीत पडा, पोहण्याच्या तलावात डुंबा, हवे तेव्हा हवे ते खा, रात्री गाणी ऐका; सकाळी डोळे उघडाल तेव्हा दुसरे बंदर समोर असेल. निवृत्तिवेतनधारक दांपत्यापासून हिंजवडीतील तरुण अभियंत्यापर्यंत मध्यमवर्गाला ही ‘क्रूझ’ आता आवाक्यातली वाटू लागली आहे. जी उडी पैशात पडत नाही तिच्यासाठी हप्त्याची सोय आहेच.

डाव्या चळवळीतील कार्यकर्त्याची यावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘चंगळवाद’ असा शिक्का मारून तो मोकळा होतो. हा शिक्का सोपा आहे आणि म्हणूनच अपुरा आहे. दमलेल्या माणसाने चार दिवस समुद्राकडे पाहत बसावे, यात पाप कोणते? विश्रांतीची इच्छा हा दुर्गुण असेल, तर गेल्या दीडशे वर्षांतील अर्धी कामगार चळवळ दुर्गुणासाठीच लढली असे म्हणावे लागेल.

इतिहास नेमका उलटा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा त्यांच्या मागण्यांत आठवड्याची सुटी अग्रभागी होती. गिरणीमालकांनी ती १० जून १८९० रोजी मान्य केली. आज सारा देश ज्या रविवारी उशिरा उठतो, तो रविवार कुणा व्हाइसरॉयच्या औदार्यातून मिळालेला नाही. सत्यशोधक परंपरेतल्या एका कार्यकर्त्याने आणि हजारो कामगारांनी तो मिळवला आहे. लोखंडे ज्या ‘दीनबंधू’चे संपादक झाले ते पत्र १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यातच सुरू केले होते. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, तेव्हा त्यांनी पगारवाढीच्या बरोबरीने हक्काची सुटी मागितली. आजारी पडले तर काम जाऊ नये आणि महिन्यातून दोन दिवस स्वतःच्या घरात बसता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा. जगातली ही सर्वांत स्वस्त सफर होती. आणि तिच्यासाठी संप करावा लागला.

तेव्हा प्रश्न विश्रांती वाईट की चांगली हा नाही. ती कुणाला मिळते, कुणाच्या श्रमातून तयार होते आणि ती हक्क म्हणून मिळते की माल म्हणून, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम जहाजाच्या आत डोकवावे. प्रवाशाच्या पलंगावर टॉवेलाच्या घड्यांतून हंस किंवा हत्ती करून ठेवणारे हात कुणाचे असतात? ते गोव्याच्या तारवट्याचे, फिलिपाइन्सच्या मुलीचे किंवा कोकणातल्या पोराचे असतात. करार बहुधा अनेक महिन्यांचा असतो आणि त्या काळात आठवड्याच्या सुटीचा पत्ता नसतो. प्रवाशाच्या खोलीला समुद्राकडे उघडणारा सज्जा असतो. ती खोली आवरणारा बहुधा पाण्याच्या पातळीखालच्या, खिडकी नसलेल्या खोलीत दुसऱ्या एकाबरोबर झोपतो. २००६चा सागरी श्रमिकविषयक आंतरराष्ट्रीय करार हा खलाशांचा मोठा आधार मानला जातो आणि भारतानेही २०१५ साली त्याला मान्यता दिली आहे. परंतु त्याचे गणित मांडून पाहावे. या करारानुसार देशांना दोन पर्याय आहेत. एक तर आठवड्याला कामाचे कमाल ७२ तास ठरवावेत, नाही तर विश्रांतीचे किमान ७७ तास. आठवड्याचे तास १६८. त्यांतून ७७ वजा केले की उरतात ९१. म्हणजे ज्या करारामुळे खलाशाला संरक्षण मिळाले, त्याच कराराच्या चौकटीत आठवड्याला ९१ तास काम कायदेशीर ठरू शकते! त्यावर पुन्हा जहाजाचा ध्वज असतो बहामाचा, पनामाचा किंवा बर्म्युडाचा. मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्या देशात, कामगार तिसऱ्या देशातला. दाद मागायची कुठे? वेतनाचा काही भाग बक्षिसीवर सोपवलेला असतो, आणि बक्षिसीच्या पद्धतीत हक्काचे रूपांतर मेहेरबानीत होते. हसतमुख राहणे हीही मग एक पाळी ठरते.

संकटकाळी या कामगाराचे स्थान काय, हे करोनाच्या दिवसांत उघड झाले. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ या प्रवासी जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या तोंडाशी येऊनही समुद्रातच अडकून पडले होते. प्रवासी केव्हाच घरी पोहोचले होते. आपल्याच देशाच्या बंदरात उतरण्याची परवानगी या कर्मचाऱ्यांना २३ एप्रिलला मिळाली.

दुसरा मुद्दा ग्राहकाचा. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली श्रीमंतांच्या रिकामपणाची मीमांसा केली, तेव्हा काम न करणे हेच प्रतिष्ठेचे प्रदर्शन होते. पुण्याहून क्रूझला निघालेला आजचा ग्राहक या वर्गातला नाही. तो दमलेला आहे. त्याची संध्याकाळ कार्यालयाने घेतली, रविवार भ्रमणध्वनीने घेतला, आणि उरलेला वेळ वाहतुकीच्या कोंडीत गेला. भांडवलशाहीची आजची करामत येथेच आहे. माणसाकडून विसावा घाऊक प्रमाणात हिरावून घ्यायचा आणि तोच नंतर किरकोळीने, चढ्या भावाने, तीन रात्रींच्या पुडक्यात बांधून त्याला परत विकायचा.

हा केवळ आलंकारिक आरोप नाही. सप्टेंबर २०२५ या एकाच महिन्यातील दोन घटना शेजारी ठेवाव्यात. ३ सप्टेंबरला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतील दिवस ९ वरून १० तासांपर्यंत वाढवण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम असल्याचा खुलासा झाला. परंतु ज्या राज्यात बहुसंख्य कामगारांना युनियन नाही, तेथे ‘कामगाराची संमती’ या शब्दांना किती अर्थ उरतो हे चाकण आणि भोसरीच्या कंत्राटी कामगाराला विचारावे. त्यानंतर १७ दिवसांनी, २० सप्टेंबरला, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता असलेल्या या वास्तूचा अंदाजी खर्च २०२१ साली ४९५ कोटी रुपये सांगितला गेला होता. त्यातले ३०३ कोटी मुंबई बंदराचे, म्हणजे सार्वजनिक संस्थेचे. एकाच महिन्यात एका हाताने कामगाराचा दिवस लांबवला गेला आणि दुसऱ्या हाताने विसाव्याचा धक्का बांधून मिळाला. दोन्ही हात एकाच व्यवस्थेचे आहेत.

मुंबईच्या धक्क्यांना याहून जुनी एक आठवण आहे. भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या आगबोटी सुटत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत त्या पणजीला पोहोचत. डेकवर पथारी पसरलेला चाकरमानी, त्याच्याजवळची ट्रंक, आणि बंदरात बोट दूर उभी राहिली की पडावातून किनारा गाठण्याची धडपड, हे कोकणी माणसाचे सागरी जीवन होते. त्याला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. पण ज्या सहकारी कंपनीची ती बोट होती, तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. या ‘माझी’ शब्दात सारे अर्थशास्त्र आले. पुढे १९८०च्या दशकात कोकणची ही बोटसेवा बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली हे खरे. पण गणपतीच्या दिवसांत त्या गाड्यांतील गर्दी पाहिलेला कोणीही दुसरा मार्ग अनावश्यक आहे असे म्हणणार नाही. २०२५ साली मुंबई-विजयदुर्ग रो-रो सेवा जाहीर झाली, तेव्हा तिचे कमीत कमी भाडे २,५०० रुपये ठरले. कोकणच्या समुद्रावर आता पुन्हा बोटी आहेत. चाकरमान्याची पथारी मात्र त्यांवर नाही.

क्रूझच्या समर्थकांचा युक्तिवाद ठाऊक आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘क्रूझ भारत मिशन’मधून चार लाख रोजगार निर्माण होतील, असे सरकारने म्हटले आहे. रोजगार हवाच, त्याला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. पण केवळ आकडा सांगून भागत नाही. त्या रोजगाराला किती तासांचा दिवस, कोणत्या देशाचा कायदा आणि कोणती युनियन, हे सांगावे लागेल. ‘कामगार स्वखुशीने जातात’ हा युक्तिवाद तर लोखंड्यांच्या काळातील गिरणीमालकही करीत. पोटासाठी दिलेल्या संमतीला स्वखुशी म्हणणे ही अर्थशास्त्राची नव्हे, तर मालकांच्या सोयीची भाषा आहे.

विसाव्याचे राजकारण दोन दिशांना जाऊ शकते, हे युरोपने एकाच दशकात दाखवून दिले. हिटलरने मे १९३३ मध्ये कामगार संघटना चिरडल्या आणि त्याच वर्षी कामगारांच्या करमणुकीसाठी सरकारी संस्था काढली. तिच्या ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’ या जहाजावर प्रवाशांचे वर्ग नव्हते; सर्वांच्या खोल्या सारख्या होत्या. सफर मिळाली, पण संप करण्याचा हक्क गेला. उलट फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांनी देशव्यापी संप केले, आणि लोकआघाडीच्या सरकारला दोन आठवड्यांची पगारी रजा आणि ४० तासांचा आठवडा यांचा कायदा करावा लागला. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. पहिली सफर वरून खैरात म्हणून आली होती. दुसरी लढून मिळवलेली होती. समान खोल्याही पुरेशा नसतात, हा जर्मनीचा धडा विसरता कामा नये.

महाराष्ट्राच्या समाजवाद्यांना या बाबतीत परदेशी जाण्याचीही गरज नाही. कोकणातल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची गादी बसवण्याचे काम हाती घेतले. त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १९७७ मध्ये, मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्सप्रेस ही वर्गविरहित गाडी सुरू झाली. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्या वर्गाला वर उचलायचे, हे त्यांचे सूत्र होते. ज्यांची पाठ त्या फळ्यांवर रात्रभर घासली होती, त्यांना या दोन इंचांचे मोल समजावून सांगावे लागले नाही. सुखाला तुच्छ लेखणारा समाजवाद हा दंडवत्यांचा समाजवाद नव्हता.

म्हणून क्रूझवर जाणाऱ्या शेजाऱ्याला टोमणे मारण्यात कार्यकर्त्यांनी शक्ती दवडू नये. त्यापेक्षा चार मागण्या हाती घ्याव्यात. बारा तासांचा दिवस कोणत्याही नावाने येवो, त्याला विरोध झाला पाहिजे. भारतीय बंदरात लागणाऱ्या प्रत्येक क्रूझ जहाजावर, त्याचा ध्वज कोणताही असो, कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांची तपासणी झाली पाहिजे. आंतरराष्ट्रीय करार तो अधिकार बंदराच्या देशाला देतो. कोकण किनाऱ्यावर एस.टी.च्या भाड्याशी तुलना करता येईल अशा दराची सार्वजनिक बोटसेवा सुरू झाली पाहिजे. आणि घरकामगार, हमाल, कंत्राटी कामगार यांना पगारी रजेचा हक्क कायद्याने मिळाला पाहिजे.

यांतील शेवटच्या मागणीसाठी तर मंत्रालयापर्यंत जाण्याचीही वाट पाहावी लागत नाही. येत्या १० जूनला, लोखंड्यांच्या रविवाराच्या स्मृतिदिनी, पुण्यातील प्रत्येक कार्यकर्त्याने आणि सहानुभूतीदाराने एक साधा हिशोब मांडावा. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना गेल्या वर्षी पगार न कापता किती दिवस सुटी दिली? तो आकडा १९८० सालच्या मोलकरणींच्या मागणीहून कमी भरत असेल, तर जहाजावरच्या अन्यायाविषयी बोलण्यापूर्वी त्याची दुरुस्ती घरातच करावी लागेल.