विश्लेषण : घरात एकाला वारंवार मायग्रेन... जोडीदाराने नेमके काय करावे?

कधीतरी डोके दुखणे वेगळे आणि आठवड्यातून दोनदा पडदे ओढून अंधारात पडून राहावे लागणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात घरातील दोघेही हळूहळू आजाराशी जुळवून घेतात. ठरलेले कार्यक्रम रद्द होतात, रजा संपतात, मुलांचे डबे-अभ्यास एकट्यावर येतात. उपचार मात्र औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळीपुढे सरकत नाही. मायग्रेन कायमचा जाईल याची हमी कोणी देऊ शकत नाही, पण झटके निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणणारे उपचार आज उपलब्ध आहेत. तिथवर पोहोचायला उशीर का होतो आणि जोडीदार तो कसा कमी करू शकतो?

मायग्रेन नुसती डोकेदुखी का नाही?

मायग्रेन हा मेंदू आणि मज्जासंस्थेचा आजार आहे. जगभरात १०० कोटींहून अधिक लोकांना तो आहे आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट आहे. कर्नाटकातील १८ ते ६५ वयोगटाच्या पाहणीत (२०१५ साली प्रसिद्ध) वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेल्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले होते.

उपचार न घेतल्यास एक झटका ४ ते ७२ तास टिकतो. डोक्याची बहुधा एकच बाजू ठणकते, जिना चढला तरी दुखणे वाढते, मळमळ किंवा उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. काहींना आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. याला ‘ऑरा’ म्हणतात. झटक्याच्या आदल्या दिवशी जांभया, मान आखडणे, चिडचिड अशी लक्षणे अनेकांना जाणवतात आणि ती बऱ्याचदा रुग्णाआधी जोडीदाराच्या लक्षात येतात.

‘पित्त’, ‘सायनस’, ‘चष्म्याचा नंबर’... निदान कुठे अडते?

आपल्याकडे या दुखण्याला ‘अर्धशिशी’ हा नेमका शब्द आहे, पण घरात निदान बहुतेक वेळा ‘पित्त’ असेच होते. उलटी झाली की डोके हलके होते, म्हणून पित्तामुळेच डोके दुखले असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात मळमळ आणि उलटी हा मायग्रेनच्या झटक्याचाच भाग आहे. मग अॅसिडिटीच्या गोळ्या, चष्म्याची तपासणी, सायनसचा एक्स-रे यात काही वर्षे निघून जातात.

पुढची अडचण एमआरआयची. मायग्रेनमध्ये स्कॅन सहसा नॉर्मल येतो, कारण निदान लक्षणांच्या इतिहासावरून होते. स्कॅन धोक्याची दुसरी कारणे वगळण्यासाठी असतो. पण ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हटल्यावर ‘मग दुखतंय कशाला?’ हा प्रश्न घरातच उभा राहतो. रुग्णावर अविश्वास दाखवण्याची सुरुवात इथे होते आणि ती सर्वात आधी थांबवायला हवी.

रोजची गोळीच दुखणे वाढवते का?

हो, वाढवू शकते. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस घेतली, अथवा ट्रिप्टान, अर्गोटामाइन किंवा अनेक घटक एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यात १० किंवा अधिक दिवस घेतल्या आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालले, तर औषधाच्या अतिवापरामुळे होणारी डोकेदुखी जडू शकते. गोळीचा असर उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी, असे चक्र सुरू होते. अर्गोटामाइन आणि कॅफिन असलेल्या गोळ्या आपल्याकडे ‘मायग्रेनची गोळी’ म्हणून सर्रास मागितल्या जातात, त्यामुळे हा धोका दूरचा नाही. अशा गोळ्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्या कशा सोडवायच्या, हे डॉक्टर ठरवतात.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

अधूनमधून बंद पडणारे यंत्र तंत्रज्ञासमोर नेमके सुरळीत चालते. तेव्हा बिघाड शोधायला नोंदवहीच कामी येते. मायग्रेनचेही तसेच आहे. ओपीडीत मिळणाऱ्या काही मिनिटांत ‘खूप दुखतं हो’ एवढेच सांगितले, तर हाती फारसे लागत नाही.

त्यामुळे निदान महिनाभराची नोंद ठेवावी. मोबाइलचे कॅलेंडर किंवा भिंतीवरची दिनदर्शिकाही पुरते. नोंदी पाचच : डोके दुखले ती तारीख, किती तास दुखले, कोणती गोळी व किती वेळा घेतली, कोणते काम बुडाले आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळीची तारीख. झटक्यात रुग्णाला स्क्रीनकडे पाहवत नाही, म्हणून हे काम जोडीदाराने उचलावे. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी, त्यातील किमान ८ दिवस मायग्रेनची लक्षणे आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ, याला दीर्घकालीन मायग्रेन म्हणतात. या मोजणीशिवाय तो ओळखता येत नाही.

प्रतिबंधक औषधे मध्येच का सोडली जातात?

महिन्यातील चार किंवा अधिक दिवस दुखण्यात जात असतील आणि कामे बुडत असतील, तर झटका येऊच नये यासाठीच्या रोजच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही त्यातली नेहमीची नावे. यातील बहुतेक औषधे मुळात दुसऱ्या आजारांसाठी आली. घरी चिठ्ठी आली की कोणीतरी नाव गुगलवर टाकतो आणि ‘ही तर बीपीची गोळी’, ‘ही डिप्रेशनची’, ‘ही फिटची’ अशी घबराट सुरू होते. आठवडाभरात औषध बंद.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परिणाम दिसायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तरी उपचार यशस्वी मानला जातो. शंका असतील तर त्या डॉक्टरांनाच विचाराव्यात. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर व्हॅल्प्रोएट, टोपिरामेटसारखी औषधे गर्भाला अपायकारक ठरू शकतात. ऑरासह मायग्रेन असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. हे सारे पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

गोळ्यांनी भागले नाही तर दीर्घकालीन मायग्रेनसाठी दर १२ आठवड्यांनी बोटॉक्सची इंजेक्शने दिली जातात. सीजीआरपी या मायग्रेनशी संबंधित रेणूला रोखणारी औषधे २०१८पासून वापरात आली. ती खास मायग्रेनसाठीच बनलेली आहेत, पण महाग आहेत. खर्च झेपणार नसेल तर मुंबईत केईएम, नायर, शीव, जेजे, गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय अशा सार्वजनिक रुग्णालयांत न्यूरोलॉजी विभाग आहेत आणि नेहमीच्या प्रतिबंधक गोळ्या त्या मानाने स्वस्त आहेत.

झटका आल्यावर जोडीदाराने काय करावे?

डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखणे सुरू होताच द्यावी. झटक्यात पोटाचे काम मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. खोलीत अंधार, टीव्ही व मोबाइल बंद, शेजारी पाणी आणि उलटीसाठी भांडे, एवढी सोय पुरे. ‘कसं वाटतंय?’ असे दर दहा मिनिटांनी विचारू नये आणि ‘काल जागलीस म्हणूनच’ हा हिशेब तर त्या वेळी मुळीच काढू नये.

जेवण चुकणे, झोपेचे वेळापत्रक बिघडणे, कडक ऊन, ताण यांनी अनेकांना झटका येतो. कडक उपवास रुग्णाला सोसत नसेल, तर सासू-सासऱ्यांना तसे सांगण्याची जबाबदारी जोडीदाराने घ्यावी. चांगल्या दिवशी बसून घरकामाची वाटणी ठरवावी : झटका आला तर मुलांना कोण आणेल, जेवणाचे काय, कार्यक्रमाला एकटे जायचे की नाही. ठरलेले असले की दुखणाऱ्याला अपराधी वाटत नाही आणि सांभाळणाऱ्याची धुसफुसही कमी होते. सांभाळणाराही थकतो, हे उघड बोलायला हरकत नसावी.

तातडीने रुग्णालय कधी?

काही सेकंदांत शिगेला पोहोचलेली भयंकर डोकेदुखी. ताप आणि मान ताठणे. बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. यापैकी काहीही असेल तर ‘नेहमीचेच मायग्रेन’ समजून थांबू नये. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा गरोदरपणातली नवी डोकेदुखीही लगेच तपासून घ्यावी.

बाकी प्रत्येक घरासाठी पहिले पाऊल सोपे आहे. आजपासून कॅलेंडरवर दुखण्याच्या आणि गोळीच्या दिवसांवर खूण करावी. महिनाअखेरीस डोकेदुखीच्या दिवसांचा आकडा चार किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढची गोळी दुकानातून आणण्याआधी ते कॅलेंडर घेऊन दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे.