बसऱ्याच्या आकड्यातली आपली माणसं

इराकमध्ये बसऱ्याजवळ पहिल्या महायुद्धातल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांचं स्मारक आहे. ते १९२९ मध्ये उभं राहिलं. ब्रिटिश पलटणींमधल्या अगदी साध्या शिपायाचंही नाव त्यावर कोरलेलं आहे. हिंदी पलटणींच्या बाबतीत मात्र अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचा नुसता आकडा टाकला. त्या आकड्यात आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची माणसं आहेत. त्यांची नावं आता आपणच गावोगाव लावली पाहिजेत.

ही माणसं तिथे पोचली ती मुख्यतः सहाव्या, म्हणजे ‘पुणे’ डिव्हिजनमधून. नोव्हेंबर १९१४ मध्ये या डिव्हिजनची पहिली तुकडी इराणच्या आखाताच्या उत्तर टोकाशी, फाओला उतरली आणि २२ तारखेपर्यंत बसरा तुर्कांकडून हाती आलं. डिव्हिजनच्या तिन्ही मूळ ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती: सोळाव्या ब्रिगेडमध्ये ११७ वी, सतराव्यात १०३ री आणि अठराव्यात ११० वी. या पलटणींत दख्खनी आणि कोकणी मराठे होते, दख्खनी मुसलमानही होते. कोकणी मराठ्यांच्या भरतीचा मोठा मुलूख म्हणजे त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा, ज्यात आजचा सिंधुदुर्गही आला.

आपल्याकडून इतकी माणसं का गेली, हे कोकणात वेगळं सांगायला नको. वरकस जमीन, त्यावर नाचणी-वरी, आणि पिकातला वाटा खोताला. घरात चार भाऊ असले तर एकाने शेत बघायचं, बाकीच्यांनी मुंबईला गिरणीत नाहीतर पलटणीत जायचं. मनिऑर्डर आली की चूल नीट पेटायची. दापोलीला तर लष्करी छावणीच होती, म्हणून जुनी माणसं आजही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. पेन्शनर शिपाई तिथे घरं करून राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथेच होते. ज्या महार शिपायांनी मुंबईच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या चाकरी केली, त्यांच्यासाठी १८९० च्या दशकात भरतीचं दार बंद झालं. त्याविरुद्ध दापोलीतूनच निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. महायुद्धात माणसं कमी पडल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. हासुद्धा याच इतिहासाचा भाग आहे.

पुणे डिव्हिजनने १९१५ च्या जूनमध्ये अमारा घेतलं, सप्टेंबरअखेर कुत. मग सेनापतींना बगदादचा मोह पडला. पुरेशी माणसं नाहीत, होड्या नाहीत, औषधपाणी नाही, तरी डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंडला पुढे ढकललं. २२ नोव्हेंबरला टेसिफॉनला लढाई झाली आणि साडेचार हजारांवर माणसं पडली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून खडबडीत वाटेने नदीकाठी आणलं. तिथून ‘मेजिदिये’ नावाच्या बोटीवर सुमारे सहाशे जण चढवले. जवळजवळ दोन आठवड्यांनी ती बसऱ्याला लागली. बंदरात उभ्या असलेल्या मेजर कार्टर या डॉक्टरला दुरून वाटलं की बोटीच्या कडेने दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. हगवणीने बेजार झालेल्या माणसांना जागचं हलताही येत नव्हतं. कार्टरने तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. पुढे या मोहिमेच्या चौकशीसाठी नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनपुढे त्याची साक्ष झाली आणि अहवाल आल्यावर, १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला.

माघारी फिरलेली डिव्हिजन ३ डिसेंबरला कुतला पोचली आणि चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. भाजीपाला संपला, पीठ मापाने मिळू लागलं, शेवटी घोडे कापायला काढले. हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी यंत्राने कळवली, तरी अनेकांचं मन होईना. गावी गेल्यावर जातीत घेतील का, ही धास्ती उपासापेक्षा मोठी होती. हिरड्या सुजल्या, स्कर्व्हीने माणसं आडवी पडली. विमानांतून पिठाची पोती टाकली, त्यांतली काही नदीत गेली. वेढा फोडायला आलेल्या फौजेचे तेवीस हजारांच्या आसपास मृत आणि जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड शरण आला. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली.

तिथून पुढचं तर फार थोडे सांगतात. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, कैदेत असतानाच ‘सर’ हा किताबही मिळाला. शिपायांना उन्हातून, वाळवंटातून चालवत नेलं. हिंदी कैद्यांपैकी बऱ्याच जणांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो जण परतलेच नाहीत.

काही जण म्हणतात, ती इंग्रजांची लढाई, आपण कशाला तिचा गौरव करायचा? मला साम्राज्याचा गौरव नकोच आहे. त्या साम्राज्याने यांना बेफिकिरीने मारलं आणि मेल्यावर नावही दिलं नाही, तेच तर मला सांगायचं आहे. अशी स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली. आता आपणही गप्प राहिलो, तर तोच भेदभाव पुढे चालवल्यासारखं होईल.

नावं हरवलेली नाहीत. दगडावर नसली तरी कमिशनच्या नोंदवह्यांत आहेत आणि त्या आता संगणकावर कुणालाही पाहता येतात. अनेक नोंदींत पलटण, बापाचं नाव, गाव, तालुका आणि ‘रत्नागिरी’ एवढं सगळं आहे. स्पेलिंग मात्र कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं. ते गाव नेमकं कुठलं, ती वाडी कुठली, हे लंडनमध्ये बसून कळणार नाही. चिपळूण-खेडच्या माणसाला पटकन कळेल. पंजाबने हे करून दाखवलं आहे: लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या नोंदवह्यांतून तीन लाखांवर पंजाबी सैनिकांची माहिती गावनिहाय लोकांसमोर येऊ लागली आहे.

आपल्याला तेवढा पसारा मांडायचा नाही. प्रत्येक तालुक्यातल्या महाविद्यालयाने इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक सत्र या यादीवर बसवावं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून पुस्तकं सांभाळतं आहे. पेट्यांतली पदकं, पेन्शनचे कागद यांच्या प्रती अशा वाचनालयांत जमा व्हाव्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने याद्या तपासून द्याव्यात. आणि येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सरपंचांनी आपल्या गावची नावं वाचावीत: मराठा, महार, मुसलमान, जो जो सापडेल त्याचं, बापाच्या नावासकट. याला अनुदान लागत नाही, मंत्र्याची तारीख लागत नाही. बसऱ्याचा दगड आपल्या हातात नाही, पण ग्रामपंचायतीची भिंत आहे.