परीची कादंबरी कोण लिहिणार?

भिलाईच्या पावर हाउस स्थानकावर उतरलो की मला १ जुलै १९९२ हा दिवस आठवतो. रुळांवर ठाण मांडून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी येथे गोळीबार केला होता. दरवर्षी त्या तारखेला कामगार जमतात आणि आपल्या मृतांचे स्मरण करतात. ज्यांच्यामागे संघटना असते, त्यांची आठवण टिकते. या कामगारांपैकी अनेक जण ज्या गावांतून आले, तेथे रात्र रात्र नाचणाऱ्या ‘परी’च्या मागे मात्र कोणीच नव्हते.

‘नाचा’ हे छत्तीसगडचे लोकनाट्य, तमाशाचे दूरचे भावंड म्हणावे असे. त्यात जोक्कड हसवतो आणि डोक्यावर लोटा तोलत येणारी परी हा परंपरेने पुरुषच असतो. रवेली गावच्या दाऊ मंदराजींनी या कलेला घडवले. राज्य शासन त्यांच्या नावे सन्मान देते. हबीब तन्वीर यांनी १९५८ मध्ये ‘मिट्टी की गाडी’साठी नाचाचे नट दिल्लीला नेले, म्हणून काहींची नावे तरी उरली. पहाटे लुगडे उतरवताना परीला काय वाटत असे, याची नोंद कोठेही नाही. कुणासाठी ती केवळ बिदागी असेल; कुणासाठी स्वतःसारखे जगण्याचे तेवढेच चार तास असतील. दप्तर जेथे गप्प बसते, तेथून ऐतिहासिक कादंबरीचे काम सुरू होते.

मराठी वाचकांना आनंद यादवांची ‘नटरंग’ (१९७८) ठाऊक आहे. ती मोठी कादंबरी आहे, तरी एक गोष्ट मला खुपते. गुणा हा संसारी, पिळदार शरीराचा गडी. कलेपायी नाच्या होतो आणि समाज त्याची विटंबना करतो. आपली करुणा त्याच्या वाट्याला येते, कारण तो ‘तसा’ नाही हे आपल्याला माहीत असते. जो खरोखर तसा होता, त्याची कादंबरी कोठे आहे? राजे-पेशव्यांवर हजारो पाने लिहिणाऱ्या, राजा रविवर्म्यावरही कादंबरी असणाऱ्या भाषेला हा प्रश्न जड जाऊ नये.

धोका उलट बाजूनेही आहे. नाच्याच्या भूमिका गाजवणारे गणपत पाटील कुटुंबवत्सल गृहस्थ होते. भूमिकेवरून माणूस ठरवणाऱ्या लोकांनी त्यांना आयुष्यभर छळले. मृताच्या कपाळी आज ‘क्वीअर’ अशी चिठ्ठी चिकटवणे हा त्याच सवयीचा सभ्य प्रकार ठरू शकतो. म्हणून लेखकाने खऱ्या नावाऐवजी कल्पित पात्र घ्यावे आणि अंदाजाला अंदाजच म्हणावे.

पण अंदाजालाही माती लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. छत्तीसगडने २०२१ मध्ये तेरा तृतीयपंथीयांना पोलिस शिपाई म्हणून निवडले. हे सारे जिवंतांसाठी झाले आणि योग्यच झाले. संस्कृती खात्याने आता हयात असलेल्या वृद्ध परींच्या आठवणी त्यांच्याच छत्तीसगडीत ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यासाठी समारंभ नको. बोलणाऱ्याला मानधन, नाव झाकण्याची मुभा आणि हयातीत मुद्रण बंद ठेवण्याचा अधिकार एवढे पुरे. महाराष्ट्रानेही तमाशातील जुन्या नाच्यांसाठी हेच करावे, आणि लवकर करावे. ही माणसे आता थकली आहेत.