गुन्हेशास्त्राला समाजशास्त्र का हवे?

गुन्हेशास्त्राकडे वळणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा असते: बोटांचे ठसे, डीएनए, संशयिताच्या मनाचा ठाव घेणारा अधिकारी. हे वेड वेबमालिकांनी वाढवले असले, तरी मागणी खरी आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. माणसे लागणारच. पण ठसा कोणाचा, एवढेच प्रयोगशाळा सांगते. संशय आधी ठरावीक वस्तीवरच का जातो, हे समाजशास्त्राला विचारावे लागते.

त्याचे उदाहरण महाराष्ट्राला बाहेर शोधायला नको. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. हजेरी, परवाने आणि तारेच्या कुंपणातली सोलापूरची सेटलमेंट ही त्याचीच निपज. इटलीत लोंब्रोसोने ‘जन्मजात गुन्हेगारा’चा सिद्धांत मांडला तो १८७६ साली. शास्त्राने तो केव्हाच टाकून दिला. आपला कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला खरा, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली आणि पारध्यांच्या पालांवरचा संशय काही उठला नाही. कारागृह नियमावल्यांतली जातवार कामवाटणी घटनाबाह्य ठरायला तर ऑक्टोबर २०२४ उजाडला.

आकड्यांचेही तसेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका प्राथमिक माहिती अहवालातील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतो. बलात्कार करून खून झाला, तर नोंद खुनाची. केरळचा गुन्हेदर चढा दिसतो, त्यामागे तक्रार नोंदवून घेण्याची सवयही असते. हे न शिकलेला पदवीधर तक्ता वाचेल आणि केरळला बदनाम करून मोकळा होईल. (वृत्तवाहिन्या दरवर्षी तेच करतात.)

म्हणून या पदवीत क्षेत्रकार्याला श्रेयांक हवेत, तेही भरघोस. २०२२ अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून अशा बंद्यांसोबत काम करतो आहे. जामीन मंजूर होऊनही हमीदार मिळत नाही म्हणून आत राहिलेल्या माणसाशी विद्यार्थी निदान एक सत्र तरी बोलला पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी कारागृहाची एक दिवसाची सहल होते आणि तिचा अहवाल फाइलीला लागतो.