समुद्र वाचवायचे धडे नेमके कुणाला?

रेवदंड्यात मच्छीमारांच्या जनजागृतीचे एक शिबिर झाले. आम्ही कार्यकर्ते मागच्या रांगेत बसून होतो. वेळ ठेवली होती सकाळी अकराची. त्या वेळी कोळणी टोपल्या घेऊन बाजारात असतात आणि खलाशी बंदरावर जाळी तुणत असतात. त्यामुळे खुर्च्यांवर होते बोटमालक आणि सोसायटीचे पदाधिकारी. पडद्यावर कासव आले, प्लास्टिकची पिशवी आली, मग 'लहान मासे मारू नका' आले. चहा झाला, फोटो झाला. कुंडलिकेच्या खाडीत गुडघाभर चिखलात उतरून चिंबोऱ्या आणि शिंपल्या वेचणाऱ्या कातकरी बायांना मात्र या कार्यक्रमाची खबरही नव्हती.

याला प्रबोधन म्हणायचे असेल तर आमचा त्याला विरोध आहे.

समुद्र संकटात आहे, यावर आमचा वाद नाही. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार 2019 साली महाराष्ट्रात अवघी 2.01 लाख टन मासळी उतरली. 45 वर्षांतला हा नीचांक. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळे आली हे खरे, पण सगळा दोष वाऱ्यावर टाकता येत नाही. छोटा मच्छीमार निर्दोष आहे असेही आम्ही म्हणत नाही. डोल जाळ्याच्या टोकाच्या बारीक पिशवीत पापलेटची पिल्ले सापडतात आणि ती विकलीही जातात. राज्य सरकारने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केले. सन्मान झाला, पण तळहाताएवढे पापलेट बाजारात दिसायचे थांबलेले नाही. याबद्दल बोललेच पाहिजे. प्रश्न आहे तो कोणाशी बोलायचे आणि काय लपवायचे याचा.

त्या शिबिरात कायद्यावर एक शब्द निघाला नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे. फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले आणि राज्याच्या हद्दीत त्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच राहिला. एलईडी दिवे लावून मासे ओढण्यावर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. 2021 च्या दुरुस्तीने दंड लाखांच्या घरात नेला. हे सगळे कोळीवाड्यात मराठीत वाचून दाखवायला कोणाची हरकत असावी? हरकत असते, कारण कायदा कळलेला माणूस पुढचा प्रश्न विचारतो: रात्री समुद्रात जो उजेड दिसतो तो कोणाचा, आणि गस्तीची बोट कुठे आहे?

आमच्या जिल्ह्याला हा अनुभव जुना आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कौन्सिलात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पाणी प्रत्यक्ष ओंजळीत यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, तोही बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले म्हणून. कागदावरचा हक्क आपोआप चालत नाही, हे कुलाबा जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आता पावसाळी बंदी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात. प्रजननाच्या काळात मासळीला उसंत मिळते, म्हणून बंदी हवीच. पण तिची किंमत कोण मोजतो? नाखव्याच्या नावावर बोट आहे, सोसायटीचे सभासदत्व आहे, डिझेलचा परतावा आहे. खलाशाच्या नावावर यातले काय आहे? रोजंदारीवर जवळा आणि बोंबील सुकवायला जाणाऱ्या आमच्या बौद्धवाडीतल्या बायांची नोंद कोणत्या रजिस्टरात आहे? कोळी समाज स्वतः मागास ठेवला गेला, त्याची बंदरे आणि किनारे उद्योगांनी आणि बंगलेवाल्यांनी गिळले, त्या लढ्यात आम्ही त्याच्यासोबत आहोत. म्हणूनच सांगायचा हक्कही आहे: किनाऱ्यावरही एक उतरंड आहे आणि संवर्धनाचा सगळा भार तिच्या तळाशी जाऊन बसतो.

पोट सांभाळले तर माणसे ऐकतात, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी अडकली आणि मच्छीमाराने जाळे कापून तिला सोडले, तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना डिसेंबर 2018 पासून सुरू झाली. मच्छीमारांनी सुटकेचे फोटो काढले, दावे केले, प्राणी जिवंत समुद्रात गेले. पडद्यावरच्या कासवाने एवढे काम कधी केले नसते. पण तीही भरपाई जाळ्याच्या मालकाला. जाळे प्रत्यक्ष कापणारा हात तिथेही हिशेबाबाहेरच.

थोडे आपल्याही माणसांना सुनवायला हवे. आंबेडकरी चळवळीने जमिनीचा प्रश्न हाती घेतला, पाण्याचा घेतला. खाडी आणि समुद्र मात्र आम्ही 'त्यांचा धंदा' म्हणून सोडून दिला. आमच्याच वाडीतल्या बाया दिवसभर मासळी निवडून खारट झालेल्या हातांनी घरी येत होत्या, तरी आम्हाला तो आपला विषय वाटला नाही.

म्हणून पुढच्या शिबिराच्या आयोजकांकडे आमचे मागणे आहे. वेळ संध्याकाळी ठेवा, बाजार उठल्यावर, आणि जागा बंदरावर. व्याख्यानाआधी कायदा मराठीत वाचा. बंदीच्या काळातील मदतीच्या यादीत खलाशी, मासळी सुकवणाऱ्या बाया आणि खाडीवर जगणारी कातकरी कुटुंबे यांची नावे घ्यायला तिथेच टेबल मांडा. कुठल्या जागी पूर्वी निवट्या मिळायच्या आणि आता मिळत नाहीत, हे त्या बायांना बोलू द्या आणि अधिकाऱ्यांनी ते लिहून घ्यावे. थेरोंडा, आग्राव आणि कोर्लईलाही हेच निवेदन आम्ही नेणार आहोत. या वेळी मागच्या रांगेत बसणार नाही.