स्लो कुकरमधलं पुल्ड पोर्क: झाकण उघडू नका!

अमेरिकेच्या दक्षिणेत बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या धुरावर तासन्‌तास शिजलेलं मांस. स्लो कुकरमध्ये धूर नाही, त्यामुळे तिथला जाणकार याला बार्बेक्यू म्हणणारच नाही. त्याचं बरोबरही आहे! पण मांस मऊ होण्याचं गणित दोन्हीकडे एकच.

खांद्याचाच तुकडा घ्या, कमी चरबीचं मांस कोरडं पडतं. पोर्कचा तुकडा ६३ अंश सेल्सिअसला शिजवून तीन मिनिटं ठेवला की खाण्याजोगा होतो, पण खांदा तेव्हा चिवटच लागतो. त्यातलं कोलॅजेन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि आतलं तापमान ९०-९५ अंशांवर गेलं की काट्याने ओढताच रेषा सुटतात. दीड किलोला 'लो'वर ८ ते १० तास धरा. गोठलेला तुकडा थेट टाकू नका. आदल्या दिवशीच फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर तो तापायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात जंतू वाढतात.

मीठ, पेपरिका, मिरपूड, थोडी ब्राऊन शुगर चोळून कांद्याच्या चकत्यांवर ठेवा. पाणी अर्धी वाटी पुरे, मांस स्वतःच रस सोडतं. आणि सारखं डोकावू नका, वाफ निघून जाते.

सॉस शेवटी. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात तो व्हिनेगर-मिरचीचा, पातळ, टोमॅटोशिवाय. कॅन्सस सिटीत घट्ट आणि गोड. मला विचाराल तर व्हिनेगरवालाच! चरबीला आंबटाचा उतारा हवाच (गोवेकरांना हे सांगायला नको). मांस बनमध्ये भरा, वर कोबी. कुकरमधला रस फेकू नका, वरची चरबी काढून आटवा आणि मांसावरच घाला.